हौदातलं जुनं पाणी

शनिवार, ५ इस्फंद

‘आब-हौजी! हौद उपसतोऽऽ!’

पासष्ट वर्षांत ऐकली नव्हती ही आरोळी. आज कानात वाजली, तीही खालच्या मजल्यावर, इस्कंदरच्या खोलीत. काचेच्या पेटीतलं पाणी नळीतून बादलीत पडताना गुडगुडलं, आणि एकदम इस्फंद महिन्यातली, नौरोजच्या म्हणजे नव्या वर्षाच्या आधीची आमची गल्ली समोर आली. भिंतींवर वाळत टाकलेले गालिचे, आणि ती आरोळी. कोणाची, ते आज लिहीत नाही.

इस्कंदर उद्या हॉस्पिटलात जातोय. हृदयाचं ऑपरेशन. बायको गेल्यापासून त्याला हा एकच सोबती — पहलवान! वीतभर लांब, तांबडा, कपाळावर टेंगूळ, डोळ्यांत खून. पेटीत दुसरा मासा टिकू देत नाही. किल्ली माझ्याकडे दिली.

‘मास्तर, नीट बघा. बुधवारी पाणी बदलायचं. आधी हीटरचा प्लग काढायचा. मग ही जाळी मधे सरकवायची. तो पलीकडे, तुमचा हात अलीकडे. पाणी फक्त तिसरा हिस्सा काढायचं. नवं पाणी दोन दिवस बादलीत ठेवलेलं हवं.’

‘आणि जाळी राहिली तर?’

‘तर तुमच्या कविता डाव्या हाताने लिहायला शिका!’

मग हसू पुसून म्हणाला, ‘रोज संध्याकाळी फोन करीन. तो नीट आहे असं कळलं की मी ऑपरेशनच्या टेबलावर झोपेन. नाहीतर नाही झोपणार, सांगून ठेवतो.’

सोमवार, ७ इस्फंद

चावला! दाणे टाकताना. उजवी तर्जनी. हात झटकन मागे घेतला, निम्मे दाणे जमिनीवर.

बुधवार, ९ इस्फंद

दोन बादल्या परवाच भरून ठेवल्या आहेत. जाळी हातात धरून अर्धा तास उभा राहिलो. तो काचेला टेंगूळ लावून माझ्याकडे बघत होता. शाळेत पाठ केलेली मासोळीची कविता त्याला म्हणून दाखवली. कवितेतल्या मासोळ्या कोणाला चावत नाहीत.

जाळी भिंतीला टेकवली, वर येऊन चहा ठेवला.

फोन — ‘बदललं पाणी?’

‘बदललं.’

जीभ अडखळलीसुद्धा नाही. चाळीस वर्षं पोरांना सांगत आलो, खरं बोला!

शुक्रवार, ११ इस्फंद

पाणी गढूळ. वास येतो. फोनवर म्हणालो, ‘आरशासारखं आहे.’

शनिवार, १२ इस्फंद

काय करून बसलो!

सकाळी पेटीत काही दिसेना. घाबरलो. नळी टाकली आणि सगळंच्या सगळं पाणी काढलं. तळाशी चार बोटं उरलं, त्यात तो तडफडत होता. मग थेट नळाला पाइप लावून काठोकाठ भरली. गार, औषधाचा वास मारणारं पाणी. दोन बादल्या बाजूलाच भरलेल्या, त्यांची आठवणसुद्धा झाली नाही. दुपारपर्यंत पहलवान कुशीवर. कल्ले धापा टाकताहेत.

हे दुसऱ्या कोणी केलं असतं तर माफ होतं. मी आब-हौजीचा मुलगा आहे! लिहिलं एकदाचं. इमारतीत सगळ्यांना सांगितलंय, बाबा कचेरीत कारकून होते. बाबा लोकांचे हौद उपसायचे. विजार गुडघ्यापर्यंत दुमडून, खांद्यावर बादली. आधी मासोळ्या तांब्याच्या परातीत, हौदाच्याच पाण्यात. आणि तळाशी दोन विती जुनं पाणी ठेवायचे. ‘पाण्याला पाण्याची ओळख लागते, बाळा.’

मी दहा वर्षांचा होतो. वर्गातल्या कियूमर्सच्या घरी गेलो होतो, अंगणात त्याची आई सरबत देत होती. हौदात बाबा! मला बघून खुलले. ‘बाळा, ती परात धर जरा!’

कियूमर्सने विचारलं, ‘हा तुला ओळखतो?’

‘नाही.’

बाबांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाले, ‘माफ करा, छोटे साहेब. माणूस ओळखण्यात चुकलो.’ काम संपेपर्यंत मला छोटे साहेबच म्हणत राहिले. घरी येऊन कधी अवाक्षर काढलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं.

रविवार, १३ इस्फंद

शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानदाराने नळाच्या पाण्याचं विष मारणारे थेंब दिले, वर फटकारलं — ‘सगळं पाणी? तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसाने?’

थेंब टाकले. हीटर लावला. बादल्यांतलं मुरलेलं पाणी, तांब्या तांब्याने, थांबून थांबून. एक तांब्या काढायचा, एक घालायचा. विजार दुमडून दिवसभर तेच केलं. जाळी लावली नाही. लावायची कोणाला? हात त्याच्या तोंडाजवळून जात होता, तो बघतसुद्धा नव्हता. चाव रे, म्हटलं. एकदा चाव!

सोमवार, १४ इस्फंद

सरळ झाला. तळाशी आहे. खात मात्र काही नाही.

उद्या आठला ऑपरेशन. फोनवर इस्कंदरचा आवाज बारीक. ‘मास्तर, खरं सांगा. खातो ना?’

‘खातो म्हणजे काय! गुणी लेकरू! हातातून खातो, बोट चाटतो.’

‘बोट चाटतो?’ त्याने विचारलं. मग, ‘बरं, मास्तर.’

झोपेल तो. त्याच्यासाठीच खोटं बोललो. लिहिलं, आणि स्वतःलाच पटलं नाही. बाबांना ओळखतोस का, तर ‘नाही’ म्हणालो, तेही काय त्यांच्यासाठी?

मंगळवार, १५ इस्फंद

टॅक्सी येईपर्यंत लिहितो. हॉस्पिटल म्हणतं, अकराच्या आत परत आणलंत तर ऑपरेशन आजच करू.

साडेआठला खाली गेलो, तांब्याभर पाणी काढत होतो, आणि पहलवान चावला! त्याच बोटाला! मी रडलोच. तेवढ्यात घंटी वाजली.

स्वतःच्याच दारात इस्कंदर. पायात हॉस्पिटलच्या चपला, मनगटाला सुई तशीच पट्टीने चिकटवलेली, छाती भात्यासारखी.

‘मास्तर, तो जन्मात कोणाचं बोट चाटणार नाही. मेला ना?’

माझी विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात तांब्या, बोटातून रक्त. मागे काचेवर धडक बसली — धाड!

इस्कंदरने माझ्या खांद्यावरून आत बघितलं. दाराची चौकट धरून खाली बसला.

‘मग खोटं का बोललात?’