एकतिसावा माळा

दादा, बादलीतलं पाणी हलतंय. तिला कोणी हात लावलेला नाही, मी इथे पलंगावर बसून बघतोय. बाहेर वारा सुटला की ते असं डचमळतं आणि मी पलंगाची कड धरतो. माझी लेक, तुमची नात, मुंबईत इमारतींचे आराखडे करते. ही इमारत तिनेच आखली आणि हिच्यातच एकतिसाव्या मजल्यावर घर घेतलं. गावाला बिबट्या उसातून थेट गोठ्यात आला, वासरू नेलं, तेव्हा ती मला इकडे घेऊन आली. इथे मजल्याला माळा म्हणतात. पहिल्या दिवशी लिफ्टवाल्याने विचारलं, "कुठला माळा, काका?" माझ्या तोंडून निघालं, "ज्वारीचा." तो लई हसला.

मला ज्वारीच्या पिकात राखणीला बांधलेला तुमचा माळा आठवला होता. बेल्ह्याजवळच्या शेतात बाभळीच्या उभ्या मेढी, वाखाच्या दोरीने आवळलेल्या, वर फळ्या. मी पोरगा, हातात गोफण, पाखरं राखतोय. वारा येतो, माळा करकरतो आणि मी भोकाड पसरतो. तुम्ही खालून ओरडता, "आरं, हालतंय तवर उभं हाय! खिळं ठोकून ताठ केला असता तर कवाच मोडला असता." तरी वर येता, माझ्या कमरेला दोरी बांधता, दुसरं टोक मेढीला. "डुलकी लागली तर पडशील, येड्या."

लेकीला बादली दाखवली, तर तीही तेच म्हणाली. "आबा, वाऱ्याला थोडी हलणारच. हलावी अशीच केलीय. मधे लिफ्टभोवती काँक्रीटचा गाभा आहे, तो सगळं धरून ठेवतो. लहान मॉडेल करून त्याच्यावर वारासुद्धा सोडून बघितला आम्ही."

"त्या मॉडेलात माणसं व्हती का?"

"नव्हती हो, आबा!" ती हसली, मग माझ्याजवळ पलंगावर येऊन बसली. "भीती वाटत असेल तर खरं सांगा. मी इथलं काम सोडून गावाला येते. पण तुम्हाला एकट्याला नाही पाठवणार."

इतकी वर्षं शिकून तिने हे उभं केलं, आणि मी हो म्हटलं तर ती ते सोडून बिबट्याच्या तोंडाशी येऊन राहणार. मी म्हणालो, "भीती कसली? उलट वारं चांगलं लागतं."

दादा, तुम्ही म्हणालात ते मला पटतं. अंगाला पटत नाही. ती कामावर गेली की दुपारी आडवं होण्याआधी मी उपरण्याचं एक टोक कमरेला बांधतो, दुसरं पलंगाच्या पायाला. ती यायच्या आत सोडतो. हे पत्र तुम्हाला कुठे धाडणार? तिच्या हाती लागू नये म्हणून फाडायचं आहे. पण आज वारा मोठा आहे, भीतीने गाठ जास्तच आवळली गेली. बांधायची कशी ते तुमचं बघून शिकलो. सोडायला दर वेळी तुम्हीच वर येत होता.

तिची यायची वेळ झाली, सुटत नाही, दादा. आणि बाहेर लिफ्ट थांबली.