कोऱ्या चिठ्ठीची बाटली

मी, खाली सही करणारा, मालवाहू जहाजांच्या इंजिनखोलीत उमेदीची वर्षे घालवलेला आणि आता निवृत्त असलेला फिटर, माझ्या राहत्या घरी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, कोणाच्या धाकाने किंवा आग्रहाने नव्हे तर माझ्या मर्जीने, माझ्यामागे कोणाला काय जावे हे लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखल्यावर सही करण्याआधी त्यांनी "आज घेतली नाहीत ना?" असे विचारले. घेतली नव्हती. ही गेल्यापासून मी थेंबालाही शिवलेलो नाही. पुढचे बरेचसे व्हिस्कीविषयीच असल्याने हे आधीच सांगितलेले बरे.

यात 'ही' म्हणजे माझी पत्नी. वकीलबाई म्हणाल्या, कायद्याच्या कागदात 'ही' चालत नाही, 'मयत पत्नी' लिहा. माझा हात धजत नाही. 'ही'च राहील.

कलम एक. तिसऱ्या मजल्यावरचे हे दोन खोल्यांचे घर माझ्या एकुलत्या मुलीचे, मनीचे. हे नाव हिने ठेवले, कारण लहानपणी ती प्रत्येक घास मांजरीसारखा आधी हुंगायची आणि मगच तोंडात घ्यायची. आई गेली त्या दिवसापासून मनीने या घराचा जिना चढलेला नाही. माझ्याशी बोललेलीही नाही. का, ते पुढे येईल. घर विकायचे असेल तर खुशाल विकावे, पण आधी एकदा वर यावे, अशी विनंती आहे. वकीलबाई म्हणतात, विनंतीला कायद्यात किंमत नसते. माझ्या विनंतीला घरातही फारशी नव्हती.

कलम दोन. बँकेत जे काही निघेल ते नातीच्या शिक्षणासाठी.

कलम तीन. पान्यांचा संच, कानशी आणि हातोड्या जावयांना. त्यांना भिंतीत खिळा ठोकता येत नाही, अंगठा मात्र नेमका ठोकता येतो. पण दर रविवारी मनीची नजर चुकवून ते मला फोन करतात आणि "बाबा, जेवलात का?" एवढेच विचारतात. त्याची फेड पान्यांनी व्हायची नाही, पण माझ्याकडे पानेच आहेत.

कलम चार. बाटल्या. इथे थोडे विस्ताराने सांगावे लागेल.

प्रत्येक सफरीहून मी एकच बाटली आणत असे, बंदरातल्या दुकानात तासभर घालवून निवडलेली. घरी आल्यावर, कपडे धुऊन वाळत पडले की संध्याकाळी आम्ही ती उघडायचो. हिने जन्मात कधी घोट घेतला नाही. ही हुंगायची आणि मी प्यायचो. माझे नाक डिझेलने केव्हाच मारले होते; व्हिस्की म्हणजे आधी जळजळ आणि मग गोडवा, यापलीकडे मला काही कळत नसे. ही अरुंद तोंडाचा ग्लास घ्यायची, चमच्याने दोन थेंब पाणी सोडायची, ग्लास नाकाखाली धरून डोळे मिटायची, ओठ किंचित उघडे ठेवायची आणि म्हणायची, "थांबा. येतंय."

बाटलीबरोबरच्या छापील कार्डावर कुठल्या कुठल्या फुलांची नावे असत. ती फुले आम्ही उभ्या आयुष्यात पाहिलेली नव्हती. ही कार्ड बाजूला सारून आपली नावे द्यायची. एका बेटावरची धुरकट, आयोडीनच्या वासाची स्कॉच म्हणजे 'दवाखाना'. शेरी नावाच्या वाइनच्या पिंपात मुरलेली, चामड्याच्या, शाईच्या आणि तळाशी विसरलेल्या मनुक्यांच्या वासाची, ती 'दप्तर'. अमेरिकन ती 'सुताराचं दुकान', आयरिश ती 'उन्हातली गादी', जपानी ती 'पेन्सिल'. हिने नाव घेतले की मी घोट घ्यायचो आणि ती वस्तू खरोखरच माझ्या जिभेवर येऊन बसायची. आधी नाव, मग घोट. हा क्रम आम्ही कधी मोडला नाही. माझ्या संसारातले सगळ्यात मोठे सुख कोणते असे विचाराल तर हेच.

पुढे हिला एक ताप आला. ताप उतरला, पण उतरताना हिचे नाक घेऊन गेला. हे हिने मला सांगितले नाही. मला कळले ते माझ्याच वेंधळेपणाने. टेबलावर बाटली ठेवली 'दप्तर'ची आणि ग्लासात ओतला 'दवाखाना'. त्याचा वास शेजारच्या घरातल्यालाही येईल. हिने डोळे मिटले, "थांबा, येतंय," म्हणाली आणि हसून म्हणाली, "दप्तर." मी तो घोट 'दप्तर' म्हणूनच घेतला.

दुसऱ्या दिवशी मी प्रत्येक बाटलीवर हिच्याच शब्दांची चिठ्ठी चिकटवली. "मला आता आठवत नाही," असे म्हटले. "वय झालं तुमचं," असे म्हणून ही रोज संध्याकाळी चिठ्ठीकडे हळूच बघायची, डोळे मिटायची आणि बरोबर उत्तर द्यायची. हिची एक झाकली मूठ आणि माझी एक. नवी बाटली मी त्यानंतर उघडली नाही, कारण नव्या बाटलीवर लिहायला शब्द कुठून आणणार?

यातली 'उन्हातली गादी' तळमजल्यावरच्या शिंप्याला द्यायची होती, पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही म्हणतात. म्हणून ती मी कालच त्याच्या हातात दिली. बाकीच्या बाटल्या वकीलबाईंनी योग्य वाटेल तशा वाटाव्यात. अपवाद पुढे लिहिले आहेत.

कलम पाच. हिचा भाऊ, ज्याला आम्ही आपसात 'बर्फवाला' म्हणत असू. मी जिवापाड जपून आणलेल्या जपानी व्हिस्कीत याने बर्फ घातला, सोडा ओतला, वर लिंबू पिळले आणि मला म्हणाला, "भावोजी, आता कुठं प्यायच्या लायकीची झाली." गाढवाला गुळाची चव काय. त्याला फ्रीजमधला बर्फाचा ट्रे देण्यात यावा. मात्र हिच्या आजारपणात तो उशाशी जागत बसला होता, हे मी विसरलेलो नाही. म्हणून 'पेन्सिल'ही त्यालाच. बाबा रे, काय पिळायचे ते पिळ.

कलम सहा. मनी, हे तुझ्यासाठी.

त्या शेवटच्या संध्याकाळी हिनेच मला 'दप्तर' ओतायला सांगितले. ग्लास नाकाशी धरायची ताकद हिच्यात उरली नव्हती, म्हणून मी धरला.

"आज तुम्ही सांगा, कसा येतोय," ही म्हणाली.

मी म्हणालो, "चामडं. शाई. तळाशी मनुके."

"हे माझंच मला सांगताय. तुमचं सांगा."

मी खूप प्रयत्न केला. "मला काही येत नाही गं."

"मलाही," ही म्हणाली. "त्या तापापासून."

"ठाऊक आहे."

"तुम्हाला ठाऊक आहे, हे मलाही ठाऊक आहे. विसराळू माणूस इतक्या आठवणीनं चिठ्ठ्या लावतो होय?"

आम्ही दोघेही हसलो. मग हिने ग्लासात बोट बुडवले आणि आयुष्यात पहिल्यांदा जिभेला लावले. तोंड वेडेवाकडे केले आणि म्हणाली, "एवढ्यासाठी एवढे समुद्र पालथे घातलेत?"

तेवढ्यात तू औषधे घेऊन दारात आलीस. तुला दिसला तो माझ्या हातातला ग्लास, हिच्या ओठांवरची व्हिस्की आणि आमचे हसणे. "बाबा, आज तरी बाटली बाजूला ठेवायची," एवढे बोलून तू तो ग्लास बेसिनमध्ये ओतलास. पहाटे ही गेली.

मी तेव्हा गप्प राहिलो. तू दर वाढदिवसाला आईला सुगंधी साबण आणायचीस, ही नाकाशी धरून "वा" म्हणायची आणि तुझा चेहरा खुलायचा. खरे सांगितले असते तर ते सगळे 'वा' मी तुझ्याकडून काढून घेतले असते. ते साबण कपाटात वरच्या फळीवर आहेत. हिने एकही वापरला नाही. वास आला नाही तरी 'वा' खोटा नव्हता, एवढे समज. आज सांगतो आहे, कारण घराबरोबर हा रागही तुझ्या वाट्याला जाऊ नये. फार जड असतो तो. मला तुझी फार आठवण येते.

कलम सात, शेवटचे. कपाटात एक न उघडलेली बाटली आहे, माझ्या शेवटच्या सफरीची. तिला हिने हुंगलेले नाही, म्हणून तिला नाव नाही. मी तिच्यावर कोरी चिठ्ठी चिकटवली आहे आणि दोऱ्याने पेन्सिल बांधली आहे. ही बाटली मनीची. विकायची नाही, कोणाला द्यायची नाही. प्यायचीही नाही.

वर ये. आईच्या खुर्चीवर बस. अरुंद तोंडाचा ग्लास घे, चमच्याने दोन थेंब पाणी सोड, ओठ किंचित उघडे ठेव. नाक तुला आईचेच मिळाले आहे. जे येईल ते मोठ्याने सांग आणि चिठ्ठीवर लिही. मग बेसिनमध्ये ओतलेस तरी माझी हरकत नाही.

घाई करू नकोस. आधी नाव, मग माझा घोट. मी थांबलो आहे.

लिहून ठेवणार: (सही) निवृत्त फिटर

साक्षीदार: (सही) तळमजल्यावरचा शिंपी. माझ्यासमोर सही केली. मधे दोनदा चष्मा पुसला.

साक्षीदार: (सही) घरचे डॉक्टर. जवळ जाऊन वास घेतला. घेतलेली नाही.

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल

दिनांक: हिच्या वाढदिवसानंतरचा दिवस