गणिताचं डोकं

२ फेब्रुवारी

प्रिय टिल्लू,

आशीर्वाद. तुझ्या हाताखाली आता डझनभर डॉक्टर असतील आणि टक्कलही पडायला लागलं असेल, पण आशीर्वाद द्यायचा हक्क अजून माझा आहे, तेव्हा मुकाट्यानं घे. इकडे आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचं खुब्याचं हाड जुळलंय असं सगळे म्हणतात, पण ती पलंगावरून उठायचं नाव काढत नाही. जीभ मात्र ठणठणीत. काल पाय चोळायला येणाऱ्या बाईला तिनं ऐटीत सांगितलं, "आमची मुलगी गणित शिकतेय, कॉलेजात." ती बिचारी म्हणाली, "अरे वा! कितवीत आहे?" आई दिवसभर धुमसत होती.

फोन सोडून पत्र का, असं विचारशील. अरे, फोनवर बोललं की तिला भिंतीपलीकडून सगळं ऐकू जातं. बाकीचे अवयव म्हातारे झाले, कान तेवढे व्हायचे राहिले. आणि मला जे लिहायचंय ते तिच्या कानावर जायला नको.

तू दर रविवारी विचारतोस, "ताई, कॉलेज कसं चाललंय?" मी म्हणते, "मस्त." मस्त कसलं आलंय. बाक इतके अरुंद की बसलं की फळी पोटात रुतते. पहिल्या दिवशी एका मुलीनं मला वर्गाची किल्ली मागितली. मी म्हटलं, "मी पण विद्यार्थीच आहे गं," तर तिला सॉरी म्हणताना हसू आवरेना. पोरं वाईट नाहीत. मला काकू म्हणतात आणि डबा खाताना माझ्यासाठी जागा धरतात. शिकवणाऱ्या बाई मात्र अगदीच बेताच्या. तुझ्याहूनही बऱ्याच लहान. फळ्याकडे तोंड करून बोलतात, लिहितात, पुसतात, पुन्हा लिहितात. आपल्याला कळलं की नाही याच्याशी त्यांना देणंघेणं नाही.

आणि खरी गंमत सांगू? या गणितात आकडेच नाहीत! मी दुकानाच्या मागच्या खोलीत दिवसभर आकड्यांत असते. डॉक्टरांनी एका पद्धतीनं लिहिलेला चष्म्याचा नंबर दुसऱ्या पद्धतीत उलटवायचा असतो, तो मी हातातली काच खाली न ठेवता तोंडी उलटवते. मालक गिऱ्हाइकांना आत बोलावून दाखवतात, सर्कशीतला प्राणी दाखवावा तसं. इथे पानभर अक्षरं लिहायची आणि शेवटी निघतं काय, तर अशी एक संख्या आहे. कुठली? ते नाही सांगत. आहे म्हणजे आहे. दुकानात असा चष्मा केला तर गिऱ्हाईक फ्रेम तोंडावर मारून जाईल.

तर मी ते सोडून द्यावं असं मनात आहे. सकाळी कॉलेज, मग दुकान, मग आईचं सगळं. गुडघे कुरकुरतात. पण आईला काय सांगायचं ते सुचत नाही. तू तेव्हा चौथीत होतास, तुला किती आठवतंय कोण जाणे. बाबा गेल्यावर मला चष्म्याच्या दुकानात लावायचं ठरलं, तेव्हा शाळेच्या मोठ्या बाई घरी आल्या होत्या. "हिला गणिताचं डोकं आहे हो, हिला काचा घासायला नका लावू," असं म्हणाल्या. आई मान खाली घालून एवढंच म्हणाली, "शिकवेन तर एकालाच." तेव्हापासून ती माझ्याशी जरा जास्तच गोड बोलते. तुला रागावते, मला कधी रागावत नाही. माझ्या पन्नाशीला तू या पदवीला माझं नाव घातलंस, तेव्हा तू आनंदानं फुगला होतास, पण रडली ती. म्हणाली, "आता माझ्या छातीवरचा धोंडा उतरेल."

विचार करून कळव. पत्रानंच.

तुझी,
ताई

२० फेब्रुवारी

टिल्लू,

हे काय केलंस तू? मी तुला विचार करायला सांगितलं होतं, प्राचार्यांना फोन करायला नाही! मोठा डॉक्टर झालास म्हणून कुणालाही फोन लावायचा? "माझ्या बहिणीला नीट शिकवलं जात नाही, अशा शिक्षिका ठेवताच कशा?" असं म्हणालास म्हणे. प्राचार्यांनी बाईंना बोलावून घेतलं. परवा तास संपल्यावर बाईंनी मला थांबवून घेतलं. मला वाटलं, आता झाडणार. त्या म्हणाल्या, "काकू, मी कुठे कमी पडले ते मला सांगाल का? मला खरंच शिकायचंय." आणि त्यांचे डोळे भरून आले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

आता खरं लिहिते. एका दमात वाच आणि मध्ये फोनला हात लावू नकोस.

बाई फळ्याकडे तोंड करून बोलत नाहीत. दर दोन ओळींनी वळतात आणि विचारतात, "इथपर्यंत कळलं?" सगळा वर्ग हो म्हणतो. मीही म्हणते. मग माझ्याकडे बघून त्या तेच वेगळ्या शब्दांत सांगतात, आणि मग आणखी वेगळ्या. तास संपल्यावर स्वतःहून माझ्या बाकावर येऊन बसतात. शेजारची वेणीवाली मुलगी सुद्धा शिकवते मला. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवत आले. अंगण सरळ आहे रे.

मला कळत नाही. बस, एवढंच आहे. थकवा नाही, गुडघे नाहीत, बाकही नाही. मला ते कळत नाही.

दोनचं वर्गमूळ अपूर्णांकात मांडता येत नाही, हे सिद्ध करायचं असतं. मी ते पाठ केलं. भांडी घासताना म्हणत होते, आई पलंगावरून कौतुकानं ऐकत होती. चाचणीत बाईंनी दोनच्या जागी तीन दिलं. मी म्हटलं, हात्तिच्या! सगळीकडे दोन काढून तीन घातले आणि पेपर देऊन आले. दोनच्या वेळी लिहितात ना, की दोननं गुणलंय म्हणून ही संख्या सम, ते मी तीनलाही तसंच लिहिलं. तीननं गुणलंय, म्हणून सम! तीन त्रिक नऊ, तीन पाचे पंधरा. सम आहेत का हे? दुकानात झोपेत विचारलं असतं तरी चुकले नसते. पण तिथे लिहिताना मला काही दिसलंच नाही, कारण मी काय लिहितेय हेच मला माहीत नव्हतं. बाई हळू आवाजात म्हणाल्या, "काकू, तुमचं पाठांतर छान आहे." यापेक्षा त्यांनी कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं.

टिल्लू, मी बेरजा-वजाबाक्या भराभर करते. तेवढंच. कुणीतरी त्याला गणिताचं डोकं म्हटलं आणि आपण सगळ्यांनी ते धरून ठेवलं. मी तर सगळ्यात घट्ट. काचेची धूळ नाकातोंडात जायची तेव्हा मी मनात म्हणायचे, ही काही माझी जागा नव्हे, मी वेगळीच होते. मालक ओरडले की म्हणायचे. लग्नाचं जमता जमता फिसकटलं तेव्हाही तेच म्हटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची असते आणि मी ती तेहतीस-चौतीस वर्षं झाकून मजेत होते. पन्नाशीला तू हौसेनं ती उघडायला लावलीस. आत काही नव्हतं.

तुझ्यावर रागावलेली नाही. पण एक ऐक. एप्रिलात तुझा सत्कार आहे. तू प्रत्येक भाषणात एक वाक्य म्हणतोस, "माझी ताई माझ्याहून हुशार होती, तिनं माझ्यासाठी शिक्षण सोडलं." ते वाक्य काढून टाक. मला ऐकवणार नाही आता.

मी प्राचार्यांना भेटून बाईंचा काही दोष नाही असं सांगून आले. तू बाईंची माफी माग. फोननं चालेल.

ताई

६ जून

प्रिय टिल्लू,

तुझं पत्र मिळालं, बरेच दिवस झाले. उत्तर द्यायला उशीर झाला कारण लिहिण्यासारखं काही चांगलं घडत नव्हतं. निकाल लागला. नापास. भाषेत आणि संख्याशास्त्रात निघाले, गणिताच्या दोन्ही पेपरांत गेले. बाई म्हणाल्या, "पुन्हा बसता येईल काकू, पण मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही." भली मुलगी आहे.

तू लिहिलं होतंस, "आईला खरं सांगून टाक. तिला वाटतं तिनं तुझं आयुष्य वाया घालवलं. तसं काही झालं नाही हे कळलं तर तिचंही मन हलकं होईल." मला ते पटलं होतं, पण धीर होत नव्हता. शेवटी तुझ्यामुळेच सांगावं लागलं. तुझ्या बायकोनं सत्काराचा व्हिडिओ पाठवला, तो आईनं पुन्हा पुन्हा लावून घेतला. तू ते वाक्य म्हणालाच नाहीस. माझ्या सांगण्यावरून गाळलंस हे तिला कुठे माहीत? म्हणाली, "वर चढला आणि शिडी लाथाडली." म्हणून ती तुझे फोन घेत नव्हती रे. तू मला विचारायचास आणि मी म्हणायचे, झोपलीय.

निकालाच्या दिवशी पुन्हा तुझ्या नावानं बोटं मोडायला लागली, तेव्हा मी तिच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. नापास झाले हे. मला कधीच येणार नव्हतं हे. म्हटलं, "आई, तू मला शिकवलं असतंस तरी मी नापासच झाले असते. तू एकालाच शिकवलंस ते बरोबर केलंस. योग्य त्याला शिकवलंस." हे शेवटचं वाक्य म्हणायला मला किती जड गेलं ते तुला सांगत नाही. मी मनात म्हटलं, माझ्याकडची एवढी एकच वस्तू गेली, पण निदान म्हातारीला सुखाची झोप लागेल.

तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाली, "तेव्हा आलं असतं."

मी म्हटलं, "नसतं आलं गं."

"तेव्हा कोवळं डोकं होतं तुझं. त्या बाई घरी येऊन सांगत होत्या. मी त्या डोक्याला काचा घासायला बसवलं. घासून घासून झिजलं ते. आता कुठून येणार?" आणि जी रडायला लागली, ती काही केल्या थांबेना. रात्री जेवली नाही. धोंडा उतरायचा राहिला बाजूला, वर दुसरा ठेवला मी.

मला तिचा राग आला. खरंच आला. मी सगळं पदरात घातलं आणि तिनं ते झटकून टाकलं. आणि मग, टिल्लू, याहून वाईट झालं. मला वाटायला लागलं की ती म्हणते तेच खरं असेल. सतराव्या वर्षी मला ते कळलं असतं की नाही, कुणी सांगावं? तुला सांगता येईल? माझ्यात ते कधीच नव्हतं, की होतं आणि सुकून गेलं? पहिलं खरं असेल तर मी उगाच मिजास केली. दुसरं खरं असेल तर माझं वाटोळं झालं. मी रोज दुकानात यंत्रावर काच फिरवताना हेच घोळवत असते आणि परवा एका म्हाताऱ्याची उजवी काच डाव्या डोळ्याला बसवली.

मी कॉलेज सोडणार होते. पक्कं ठरलं होतं. पण दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "पुन्हा नाव घाल. हळूहळू येईल. मी आहे तोपर्यंत तरी सोडू नकोस." तिचं वय बघता यावर काय बोलणार? पुन्हा नाव घातलं. वर्गात आता नवीन पोरं असतील, वेणीवाली पुढे गेली. बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी माझा हात दाबला.

तू तुझ्या भाषणात ते वाक्य पुन्हा घाल. कुठेही बोलायला उभा राहिलास की घाल, आणि व्हिडिओ पाठवत जा. तिच्यासाठी. खरं-खोटं मी आता बघत नाही. आणि तिला फोन कर, आता घेईल.

संध्याकाळी ती मला जवळ बसवते आणि पुस्तक मोठ्यानं वाचायला लावते. मी पान उघडून वाचते. समजा, म्हणून, यावरून, आणि सिद्ध झाले. ती डोळे मिटून मान हलवते. प्रत्येक पानाच्या शेवटी विचारते, "कळलं ना?"

मी म्हणते, "कळलं, आई."

ती आहे तोपर्यंत,
प्रथम वर्षातली,
तुझी ताई