तिसऱ्या ओळीनंतर

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस. डॉक्टरीणबाईंनी मोबाइल बघायला मनाई केली आहे, म्हणून कागद-पेन. फुटबॉलच्या मॅचमध्ये समोरचीचा गुडघा माझ्या कानशिलावर बसला, हे ह्यांनी तुला फोनवर सांगितलंच. गोल वाचला, हे सांगितलं नसणार. आत रक्तस्राव नाही, नुसता हादरा आहे, दोन आठवड्यांत बरी होशील म्हणाल्या होत्या. आज पाचवा आठवडा. ट्यूबलाइट डोळ्यांत टोचते, भांडं पडलं तर कवटीत वाजतं. काल शब्दच आठवेना, म्हणून ह्यांच्याकडे ‘ते पाणी उकळायचं’ मागितलं, तर गमतीनं बादली घेऊन आले. मी आधी हसले, मग रडले. सोमवारपासून छापखान्यात जाते आहे.

तुझी,
बारकी

९ मार्च

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

कामाला जातेस ते उत्तम. पडून राहून त्याचाच विचार केला, तर डोकं दुखणारच. माझ्या वर्गातली मुलं रोज आपटतात आणि मधल्या सुट्टीत पुन्हा पळतात. तुझे भावोजी विचारतात, गोलकीपरच्या डोक्यात हलण्यासारखं मुळात होतं काय? रागावू नकोस. लहानपणी खरचटलं तरी तू घर डोक्यावर घ्यायचीस, म्हणून लिहिलं.

ताई

२९ मार्च

ती. ताईस,
सा. न.

लहान मुलांच्या तापाच्या औषधाचं माहितीपत्रक माझ्याकडे तपासायला होतं. २.५ मिलीच्या जागी २५ पडलं होतं. दशांशाचा ठिपका गळलेला. मी सही करून पुढे पाठवलं. मशीनवाल्या काकांच्या नातवाला तेच औषध चालू आहे, म्हणून छापायच्या आधी त्यांच्या लक्षात आलं. मालकीणबाई ओरडल्या नाहीत, बरं वाटतंय ना, एवढंच विचारलं. मी हो म्हणाले. मग जिन्यात बसले, आणि परत वर जाऊन सांगितलं की नाही, तिसऱ्या ओळीनंतर अक्षरं तरंगतात, आणि तीन आठवडे मी हे लपवलंय. त्यांनी घरी पाठवलं. तुझ्यावर ढकलत नाही, ताई. तू लिहिलंस ते खरं असावं, असं मलाच वाटत होतं.

बारकी

२ एप्रिल

चि. बारकीस,
अ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. माझं चुकलं. तुझं दुखणं तुझ्यापेक्षा मला जास्त कळतं, असं वागले. रजा टाकली आहे, शनिवारी येते. पडदे ओढीन, स्वयंपाक करीन, आणि तू बोललीस तरच बोलेन. काल वर्गातली एक मुलगी डोक्यावर पडली. तिला पुन्हा पळू दिलं नाही, आईला बोलावून दवाखान्यात पाठवलं.

ताई

३० मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू गेल्यापासून घर फारच शांत आहे, म्हणजे डोक्याला बरं आहे! डॉक्टरीणबाईंनी आखून दिल्याप्रमाणे सकाळी दोन तास छापखान्यात काम, दर वीस मिनिटांनी डोळे मिटायचे, संध्याकाळी चालायचं. दुखणं गेलेलं नाही, आठवड्यातून तीनदा येतंच. अंतिम सामन्याला येशील का, असं कोचनी विचारलं. या मोसमात नाही, असं मी म्हणाले. फोन ठेवल्यावर खूप वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

काल तपासता तपासता ओळी हलायला लागल्या. पान अर्धंच झालं होतं. आज एवढंच, असं सांगून मी उठले. मशीनवाल्या काकांनी ते पान दुसऱ्या तपासणारीकडे दिलं. मी टोपी घातली आणि उन्हातून चालत घरी आले.

तुझा लोभ आहेच, तो सल्ल्यांशिवाय पाठवत जा.

बारकी