घरात कुणाला झाला होता का?

दार्सैत, मस्कत
१४ सप्टेंबर २०२५

ती. शीला आत्यास,
उर्वीचा शि. सा. न. वि. वि. (ही सगळी टिंबं तुझ्या जुन्या पत्रातून उतरवलीत. बरोबर आहेत ना?)

तुझी अट पाळतेय. हाताने लिहून फोटो पाठवतेय, व्हॉइस मेसेज नाही. पण प्लीज, चुकांना लाल पेन लावून परत पाठवू नकोस. मागच्या वेळी बाबा दोन दिवस हसत होते.

मोठी बातमी म्हणजे ५ ऑक्टोबरपासून आमची नर्सिंगची बॅच रुस्ताकच्या हॉस्पिटलात वॉर्डवर जाणार! त्याआधी कॉलेजची यादी पूर्ण करायची. काविळीच्या लशीचा रक्ताचा रिपोर्ट, गोवर, कांजिण्या, फ्लू. नखं कापलेली हवीत, हातात बांगडी-अंगठी काही चालत नाही. मास्क नीट बसतो का बघायला डोक्यावर मोठी टोपी चढवतात, आत कडू फवारा मारतात आणि बोलत राहा म्हणतात. कडू लागलं तर मास्क फेल. मी तुझा सतराचा पाढा म्हटला. मास्क पास झाला, पाढा फेल.

आता खरं काम. टीबीसाठी हाताला एक छोटं इंजेक्शन देतात आणि दोन दिवसांनी किती सुजलंय ते मोजतात. माझं बरंच सुजलं. कॉलेजच्या डॉक्टर अदीबा म्हणाल्या, घाबरू नकोस, लहानपणच्या लशीमुळेही होतं, आपण रक्त आणि एक्स-रे बघू. पण फॉर्मवर एक प्रश्न आहे. घरात कुणाला कधी टीबी झाला होता का? आई म्हणाली, छे, आपल्यात कुणालाच नाही. बाबांनी मात्र फॉर्म माझ्या हातातून घेतला आणि स्वतःच ‘नाही’वर खूण केली. मग सुरमई ताटात टाकून उठले. बाबा आणि सुरमई टाकतात?

फॉर्म गुरुवारी द्यायचाय. मागाहून खोटं निघालं तर वॉर्ड बंद आणि अख्खं सेमिस्टर गेलं. आजोबांना होता का गं? तू बाबांपेक्षा मोठी, तुला ठाऊक असेल.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
उर्वी

•

पाट, ता. कुडाळ
१६ सप्टेंबर २०२५

चि. उर्वी हिस,
आत्याचे अनेक उ. आ.

पत्र पोचलं. चुका अकरा आहेत, पण या खेपेला लाल पेन उचललं नाही.

आजोबांना नव्हता. मला होता.

तू तीन महिन्यांची होतीस. तुझी आई माहेरून तुला घेऊन आली आणि मी हातातलं शिवण टाकून दिवसभर तुला मांडीवर घेऊन बसायची. मला खोकला होता. थंडी बाधली, कोंडा नाकात गेला, असं म्हणत महिना काढला. मग थुंकी तपासली तर क्षय. डॉक्टर म्हणाले, घरात तान्हं आहे ना, त्याला आणा, तपासू, औषध देऊ. नेमकं त्याच आठवड्यात जनाला, तुझ्या बाबांना, गल्फच्या मेडिकलसाठी मुंबईला जायचं होतं. छातीच्या फोटोत ठिपका दिसला की माणूस अनफिट, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. गावातले तिघे तसे परत येऊन घरी बसले होते. जना म्हणाला, अक्का, घराचं नाव क्षयाच्या रजिस्टरात चढलं तर माझं सगळं बुडालं. आणि तुला नेलं नाही.

तो घाबरला होता गं. पण मी मोठी होते, तुला उचलून एसटीत बसवू शकले असते. नाही बसवलं. त्याच्या माथी मारू नकोस.

तुझ्या आईला सांगितलं, मला नागीण झालीय, बाळाला लांब ठेव. सहा महिने मागच्या पडवीत राहिले. सावंतवाडीच्या मावशीचा पत्ता देऊन तिथून औषध घेतलं. बरी झाले. पण मनातून भीती गेली नाही. तू धावत यायचीस तेव्हा मी शिवणयंत्राला चिकटून बसायची. वहिनीला वाटलं मी तुटक आहे. वाटू दे म्हटलं. वीस वर्षं कुणाचंच पोर उचललं नाही मी. मस्कतला तीनदा बोलावलंत, गुडघ्याची सबब सांगितली. खरं म्हणजे विमानतळावरच्या त्या मशीनमध्ये माझी छाती दिसेल आणि जनाची नोकरी जाईल, हे डोक्यात बसलेलं.

फॉर्मवर ‘होय’ लिही. माझं नाव लिही. जनाला मी बघून घेते. मला फक्त एवढं कळव, तुझ्या छातीत काही निघालं का? देवापाशी बसते, पण मागायला तोंड नाही. रागावली असलीस तरी दोन ओळी टाक.

तुझी,
शीला आत्या

•

१७ सप्टेंबर

ती. आत्या,
रागावलेय. तरी लिहितेय. रिपोर्ट आला की लगेच सांगते. जेव नीट.
उर्वी

•

दार्सैत
२८ सप्टेंबर २०२५

ती. शीला आत्यास,
उर्वीचा शि. सा. न. वि. वि.

रक्ताची टेस्ट पॉझिटिव्ह आली. एक्स-रे स्वच्छ आहे. थांब, रडू नकोस, पुढे वाच.

जंतू शरीरात आहेत, पण झोपलेले. मला आजार नाही आणि माझ्याकडून कुणाला लागणारही नाही. ते जागे होऊ नयेत म्हणून चार महिने औषध घ्यायचं, बस. वॉर्डवर जायला परवानगी मिळाली! कुणाकडून आले ते कुणीच सांगू शकत नाही, असं डॉक्टर अदीबा म्हणाल्या. तुझ्याकडून, शाळेच्या बसमधून, कुठूनही. म्हणून तू सगळं स्वतःच्या अंगावर ओढून घेऊ नकोस.

तुझं पत्र मी बाबांसमोर ठेवलं. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं, ‘नाही’ खोडलं, ‘होय’ लिहिलं आणि शेजारी सही केली. मग दुसऱ्या दिवशी कामावर खाडा करून माझ्याबरोबर आले आणि डॉक्टरांना चाचरत विचारलं, आमच्या व्हिसाचं काही होईल का. त्या म्हणाल्या, हा कागद आमच्या फाइलमध्ये राहतो, आणि बहीण वीस वर्षांपूर्वी बरी झाली ही तर चांगली बातमी आहे. बाबा तिथेच खुर्चीत बसून रडले. आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, तुमच्या बहिणीला मी उगाच वीस वर्षं घमेंडी समजले.

आता माझ्या रागाचं. खोटं कशाला सांगू, खूप आला. जंतूंचा नाही. लहानपणी गावाहून परत येताना मी आईला विचारायची, मी आत्याला आवडत नाही का? त्याचा आला. तू औषध पूर्ण घेतलंस तेव्हाच बरी झाली होतीस गं आत्या. लांब राहायची गरजच नव्हती. आणि विमानतळावरचं मशीन बॅगेतली लोणच्याची बरणी बघतं, माणसाची फुप्फुसं नाही!

माझं एक ऐक. एकदा छाती तपासून घे. कुडाळला, स्वतःच्या नावावर, स्वतःच्या पत्त्यावर. माझ्या कॅप्सूल उद्या सुरू होतील. तू सीनियर आहेस, काही टिप्स असतील तर दे.

लोभ ठेव, आणि या वेळी जवळून ठेव.
तुझी,
उर्वी

•

मस्कत
२९ सप्टेंबर

ती. अक्कास,
जनार्दनचा शि. सा. न. वि. वि.

मला लिहायची सवय नाही, इथे एसी दुरुस्तीचे रिपोर्ट तेवढे लिहितो. पोरीला तपासायला नको म्हणणारा मी होतो. तू पत्रात ते स्वतःकडे घेतलंस. मी उर्वीला आणि तिच्या आईला खरं काय ते सांगितलं. दर दोन वर्षांनी इथे व्हिसासाठी माझा छातीचा फोटो निघतो, तेव्हा तुझी आठवण येऊन लाज वाटायची, पण फोनवर आपण पावसाचंच बोलायचो. मला माफ कर. इन्शाल्ला, डिसेंबरात मी स्वतः तुला न्यायला येतो. गुडघा दुखतो म्हणालीस तर उचलून आणीन.

तुझा,
जना

•

पाट
८ ऑक्टोबर २०२५

चि. उर्वी हिस,
अनेक उ. आ.

वॉर्डचा पहिला दिवस कसा गेला ते सविस्तर कळव. कॅप्सूलचं सांगते. उपाशीपोटी, रोज एकाच वेळी घ्यायची. लघवी तांबडी होईल, किंचाळून घर डोक्यावर घेऊ नकोस, मी घेतलं होतं. आणि महिन्याभरात बरं वाटतं म्हणून सोडायची नाही. एक जरी चुकवलीस तर तिथे येऊन कान पिळीन.

जनाचं पत्र चारदा वाचलं. त्याला सांग, अक्का रागावलेली नाही, आणि उचलायची भाषा करू नकोस म्हणावं, स्वतःची कंबर बघ आधी.

काल कुडाळला गेले. कागदावर शीला, मुक्काम पाट, असंच लिहिलं. फोटोत जुना व्रण आहे, वाळलेला. डॉक्टर म्हणाले, मावशी, तुम्ही ठणठणीत आहात, मग आलात कशाला?

घरी परतताना वाटेत मीराबाईचं खळं लागतं. नातवाला कडेवर घेऊन ती भात वाळवत होती. विचारलंन, कुठे गेली होतीस गं? नेहमीसारखं बाजारात म्हणणार होते, पण म्हटलं, छाती तपासायला, मला क्षय झाला होता, वीस वर्षं झाली. ती म्हणाली, अगो, आणि एकटीने सोसलंस? तेवढ्यात आभाळ भरून आलं. भात भिजेल म्हणून तिची धांदल उडाली, आणि तिने ते पोर सरळ माझ्या हातात कोंबलं नि गोणी आणायला पळाली.

मी सवयीने तोंड वळवलं आणि श्वास रोखून धरला. पोर माझ्या पदराला धरून टकामका बघत होतं. किती वेळ रोखणार? सोडला.

तुझी,
शीला आत्या