पाणी मुरेपर्यंत

२ मार्च

आलो एकदाचे. हमालांनी गादी स्वयंपाकघरात आणि गॅसची शेगडी झोपायच्या खोलीत नेऊन ठेवली, आमची स्वारी कमरेवर हात ठेवून मधोमध देखरेख करत उभी होती, आणि लेक, आमची ठकी, रिकाम्या खोल्यांमधून ओरडत पळत होती, आपलाच आवाज घुमतो म्हणून खूश होऊन. घर पाहून जीव सुखावला. कोरं करकरीत आहे. आमच्याआधी इथे कुणी राहिलेलंच नाही. हॉलची एक अख्खी भिंत काचेची, तिच्यातून फाटक आणि पुढचा रस्ता दिसतो. ती काच उघडत नाही. बाकीच्या खिडक्याही पक्क्या बंद, हवा छताच्या जाळीतून येते. मला ते जरा खटकलं, पण यांचं नवं ऑफिस अगदी जवळ आहे, म्हणून तोंड मिटून घेतलं.

किल्ल्या द्यायला घरमालक स्वतः आले. हळू बोलणारे, सभ्य गृहस्थ. तिघंच ना, असं त्यांनी पुन्हा एकदा विचारून घेतलं. सुरुवातीला तिघंच बरे, म्हणाले, घर मुरलं की मग माणसं वाढवायला हरकत नाही. घर मुरतं हे मी आजच ऐकलं. तब्येती कशा आहेत, भूक नीट लागते का, याचीही चौकशी केली. स्वारीला जेवताना बघितलं असतं तर हा प्रश्न पडला नसता.

७ मार्च

ठकीची शाळा सुरू व्हायला अवकाश आहे आणि आसपास एक पोर नाही. सात वर्षांची मुलगी दिवसभर माझ्या मागेमागे फिरते आणि डोकं खाते. म्हणून आज तिच्यासाठी मासे पाळायची काचेची टाकी आणली.

दुकानदाराने माझी शिकवणीच घेतली. मला लांब पंखांचे, दिमाखदार मासे हवे होते, निदान पंधरा तरी. त्याने सरळ नाही म्हटलं. एवढ्या टाकीत सगळे मिळून डझनभर छोटे मासे, आणि तेही एकदम नाहीत. नवं पाणी दिसायला स्वच्छ असलं तरी कच्चं असतं, म्हणे. माशांच्या घाणीचं त्यात विष होतं, आणि ते पचवणारे जंतू तयार व्हायला महिना-दीड महिना जातो. तोवर चार-पाच चिवट मासे सोडायचे. ते विष सोसतात आणि पाणी मुरवतात. जगले तर जगले. मग आपल्या आवडीचे आणायचे. या पहिल्यांचं पुढे काय, असं मी विचारलं. तो म्हणाला, ताई, मोठे आणणार असाल तर हे मला परत द्या, तोंडात मावेल त्याला मोठा मासा गिळतोच. मला ऐकून कसंसंच झालं. पाच पट्टेवाले घेतले. त्याने पाणी तपासायच्या कागदी पट्ट्याही दिल्या. पिवळी राहिली तर ठीक, हिरवी झाली तर वाईट.

१२ मार्च

एवढ्या पाण्यात पाच मासे म्हणजे अगदीच ओसाड. ठकी हिरमुसली. आणि मला कुणी आकडा ठरवून दिलेला मुळात खपत नाही. दुसऱ्या दुकानातून आणखी आठ आणले. आता कशी टाकी भरल्यासारखी वाटते.

त्याच झपाट्यात सासूबाईंनाही बोलावून घेतलं. तिकडे एकट्या भिंतींशी बोलतात, इथे निदान ठकीशी भांडतील. घरमालक काय रोज येऊन माणसं मोजणार आहेत?

१८ मार्च

सासूबाई आल्या. कंबर धरते म्हणून त्या जमिनीवरच अंथरूण घालतात. आल्यापासून डोळे चुरचुरतात, घशात काहीतरी बोचतं, अशी त्यांची तक्रार चालू आहे. खरं म्हणजे आम्हालाही तसंच होतं. रंगाचा वास असेल.

टाकीतले तीन मेले. बाकीचे पाण्यावर तोंड काढून हवा गिळत असतात. पट्टी हिरवी झाली. दुकानदाराकडे गेले आणि यथेच्छ बोलणी खाल्ली. म्हणाला, मेलेला लगेच बाहेर काढत जा, नाहीतर पाणी आणखी नासतं. उरलेल्यांना घाईने चांगल्या पाण्यात टाकायचं नाही, असंही बजावलं. वाईट पाण्याची सवय झालेला मासा चांगल्यात एकदम टाकला तर धक्क्यानेच मरतो. त्याला त्याच्याच पाण्यासकट पिशवीत घ्यायचं आणि त्यात नवं पाणी थोडं थोडं मिसळत जायचं.

२४ मार्च

घरमालक येऊन गेले. सासूबाईंना पाहून रागावतील असं वाटलं होतं. रागावले नाहीत. नुसते बघत राहिले, मी टाकीतल्या माशांकडे बघते तसे. मग खिशातून एक कागदी पट्टी काढून झोपायच्या खोलीत हवेत धरली. ओल आहे का बघतोय, म्हणाले. पट्टी हिरवीगार झाली. त्यांनी ती नीट घडी घालून खिशात ठेवली.

तसल्याच पट्ट्या माझ्या स्वयंपाकघरात आहेत. विचारायला तोंड उघडलं आणि खोकल्याची उबळ आली.

२९ मार्च

ठकी कपाटावर चढून बसते. खाली ये म्हटलं की रडते, वर बरं वाटतं म्हणते. तिच्यावर ओरडून बाहेर आले तर स्वारी जेवणाच्या टेबलावर उशी घेऊन पसरलेली. हसूच आलं मला. मग लक्षात आलं की मी स्वतः मघापासून स्टुलावर उभी आहे, तोंड छताच्या जाळीकडे करून.

२ एप्रिल

सासूबाई गेल्या. सकाळी चहा घेऊन गेले तर तोंड उघडं होतं आणि डोळे जाळीकडे.

अजून कुणाला कळवलंही नव्हतं. हे आईच्या उशाशी बसले होते, मी फोन शोधत होते. तेवढ्यात घरमालक दोन माणसं घेऊन दारात उभे. लवकर बाहेर न्यायला हवं, म्हणाले.

मीच सासूबाईंना इथे आणलं. त्या येत नाही म्हणत होत्या.

३ एप्रिल

आज निघालो. सामान नाही, काही नाही, नेसत्या कपड्यांनिशी. रस्त्याच्या वळणापर्यंत पोचलो आणि ठकीचे ओठ निळे पडले. आम्हा दोघांच्या छातीत कुणी बोळा कोंबल्यासारखं झालं. दवाखान्यापर्यंत ती टिकली नसती. धावत परत आणली, जाळीखाली उचलून धरली, तेव्हा कुठे श्वास घेतला.

डॉक्टर घरी आले. काहीच सापडलं नाही. डोळे चोळत घाईघाईने निघून गेले.

आता लिहूनच टाकते. आम्ही पहिले मासे आहोत. घर कच्चं होतं. ते मुरवायला आम्हाला आत सोडलंय.

८ एप्रिल

पिशवीतल्या पाण्यासारखंच करायचं ठरवलं. थोडं थोडं मिसळायचं. ठकीला दार उघडून उंबरठ्यावर उभी करते, मग आत घेते. रोज जरा पुढे. आज पायरी उतरली. लहान आहे, तिला पटकन सवय होते. मला पायरीवरच घेरी येते. यांना तर उंबरठाही ओलांडवत नाही. हे म्हणाले, आपलं राहू दे, हिचं बघ.

१५ एप्रिल

ठकी फाटकाबाहेर उभी राहिली. गाणं म्हणत. मला रडू आवरेना.

धाकट्या बहिणीला फोन केला. ये आणि भाचीला घेऊन जा, कारण विचारू नको. शनिवारी येते म्हणाली. आत यायचं नाही, फाटकातच थांबायचं, हे तिच्याकडून वदवून घेतलं.

टाकीत चार उरलेत. पट्टी पिवळी. पाणी मुरलं.

१७ एप्रिल

घरमालक आले. हवेत पट्टी धरली. पिवळी. फार खूश झाले — माझे आभार मानले. घर ज्यांच्यासाठी बांधलं ते उद्या राहायला येतायत, म्हणाले.

मग आम्ही कुठे जायचं, मी विचारलं.

जायचं कशाला, म्हणाले. ठकीच्या डोक्यावर हात ठेवला. किती भरते ते बघितल्यासारखा —

शनिवार म्हणजे उद्याच. बहीण आधी यायला हवी. आधी.

१८ एप्रिल

बहीण आली. फाटकातच थांबली. ठकी एकटी चालत गेली. श्वास नीट. रंग नीट. गाडीत बसली. सुटली माझी पोर.

घर ज्यांच्यासाठी बांधलं ते मागच्या दाराने आले. हे पुढे झाले, कोण पाहिजे विचारत — वाक्य पुरं झालं नाही —

मी वळून बघितलं नाही. काचेत एकच दिसलं, दारात वाकून आत येताना. मग दुसरं. मग —

काचेतून हात हलवला. जा, जा. बहिणीला वाटलं मी बोलावतेय. गाडी थांबवून उतरली. काचेतून आवाज जात नाही. ठकीही उतरली —

हात खाली घेतला. काचेशी बसून वही उघडलीय. मी निवांत लिहिताना दिसले की बहिणीला वाटेल सगळं ठीक आहे. जाईल. लिहीत राहायचं. काहीही. बटाटे संपलेत. पडदे धुवायला काढायचे. ठकीला नवी चप्पल —

मागे टेबल सरकलं. लिहीत राहायचं.

बहीण परत वळली. शहाणी ग माझी. ठकीचा हात धरलाय — ठकी मागे बघतेय. माझ्याकडे नाही. माझ्या मागे, वर —

हसले तिच्याकडे बघून. मान हलवली. जा. आता खाली बघून लिहितेय. मानेवर ओलं काहीतरी — वर बघायचं नाही — फक्त ठकी गाडीत चढली का, एवढंच एकदा बघते, मग