थोरल्या वकिलीचा कौल

थळ. शके १८५६, आश्विन व. २
पुढे कधी हे वाचणारी तूच असशील, सूनबाई, आणि आपल्याच हातचं अक्षर आहे हे विसरलेली असशील. काल चुलीवरचं दूध विसरलीस तशी. म्हणून मी सांगते तसं नीट लिही: बाळूचं, तुझ्या नवऱ्याचं, नाव सरकारच्या थोरल्या वकिलीसाठी पुढे गेलंय. मुंबईत पोरांना कायदा शिकवता शिकवता... दारात पट्टेवाला उभा राहील. हसतेस काय, लिही.

व. ३
दुपारी डोळा लागला. किनाऱ्यावर जवळा वाळतोय, शेजारी बाळूचा काळा झगा. वारा शिरला, झगा शिडासारखा फुगून पाण्यावर निघाला. खाली होडी नव्हतीच. हाक मारली, तर माझ्या तोंडून गाज निघाली.

व. ५
धाकलूची आई, मासळीवाली, टोपली टेकवून बसली. कोळ्यांच्या वाळवणाच्या जागेला सरकार कुंपण घालतंय; त्याविरुद्ध अर्ज बाळूनंच करून दिलेला.
"काकी, तुमचा पोर सरकारचा झाला, तर आमच्याकडून कोन बोलंल?"
"माझ्याकडून तरी कधी बोललाय?" म्हटलं. हसली नाही. चहा तसाच राहिला.

व. ८
बाळू बोटीनं आला. दिवाळीआधी हो-नाही कळवायचंय. देवळात कौल लावला. गुरवानं देवाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या; उजवी पडली तर होकार. मी मनात विचारलं, घेऊ दे ना त्याला? उजवी पडली. मी खूश.
बाहेर बाळू म्हणतो, "आई, देव हो म्हणाला. मी विचारलं होतं, नाकारू का?"
एका कौलाला विचारणारा एकच हवा, हे शेंबडं पोर जाणतं. गुरवाकडे परतलो. तो म्हणाला, "दोघं भांडा घरी. देवाला आज पुन्हा नाही उठवायचा."
वाळूतून हळूहळू आलो. समुद्र सायीसारखा. कोळ्यांच्या वाळवणाशी बाळूनं देवळाशी काढाव्या तशा वहाणा काढून हातात घेतल्या, कडेकडेनं गेला. 

व. १०
बाळू मुंबईला परत गेला. काय ठरवलंय, मी विचारलं नाही. तू विचारलंस? बघ, मान खाली घालून लिहितेय नुसती.
पट्टेवाला अजून दिसतो मला. पण आता तोही वहाणा हातात घेऊन...
असो. उद्याच्या बोटीनं बाळूला जवळा पाठव. धाकलूच्या आईकडचाच. फार पाखडू नकोस. त्याच्या दाताखाली इथली थोडी वाळू येऊ दे.